झाकलेली खिरापत

माझ्या बहिणीला लोक मंद म्हणू लागले ते तिच्या आजारामुळे नव्हे, माझ्यामुळे. हे मी वर्षानुवर्षे कोणाला सांगितले नाही.

आम्ही भवानी पेठेत राहत होतो. वडील गिरणीत कारकून, मी मॅट्रिकच्या वर्गात, ती माझ्याहून बरीच लहान. तिला फेफरे यायचे. येऊन गेले की दिवसभर तिला शब्द लवकर सापडत नसत. कोणी काही विचारले तर ती थांबून, विचार करून बोलायची; तेवढ्यात मीच उत्तर देऊन मोकळा व्हायचो.

एका आश्विनात शेजारच्या हादग्यात, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरलेला असताना ती कोसळली. कोणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली. माझ्या वर्गातली मुले बघत होती. दुसऱ्या दिवशी एकाने विचारले, "काय रे, तुमच्याकडे चपला दाराबाहेर ठेवतात की उशाशी?"

पुढच्या वर्षी हादगा आमच्या घरी होता. गाणी संपली की मुलींनी ओळखायची ती खिरापत तिने एकटीने केली: कडक भाकरीचा चुरा, गूळ आणि शेंगांची चटणी.

"दादा, मुली आधी विचारतात, गोड की तिखट? मी दोन्हीला हो म्हणणार. बसू देत डोकं खाजवत!"

"डबा हलवून बघतील की."

"आत फडक्यात गुंडाळलंय. वाजणारच नाही."

इतका पुढचा विचार मला सुचला नसता. तरीही संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि येणाऱ्या मुलींना म्हणालो, "तिला बरं नाही. घरी जा."

"सकाळी तर हसत होती की!" एकजण म्हणाली.

"आत्ताच आलं फेफरं."

बहीण दिवेलागणीपर्यंत दारात उभी होती. "मला भितात त्या," एवढेच आईला म्हणाली. डबा उघडला नाही. नंतर कोणी बोलवायला आले तरी ती गेली नाही. तिचे बोलणे आटले, मग लोकांनी विचारणेही सोडले. आई पाहुण्यांना सांगायची, "तिला फारसं कळत नाही." मी शेजारी बसून ऐकायचो. तिचे लग्न झाले नाही.

गेल्या आश्विनात माझ्या मुलीने तिला विचारले, "आत्या, कोणालाच ओळखता येणार नाही अशी खिरापत सांग ना." बहिणीने तोंड उघडले, आणि मी सवयीने म्हणालो, "तिला काय विचारतेस?" तिचे मिटलेले ओठ पाहून मलाच माझ्या शब्दांची शरम वाटली.

मुलगी खेळायला गेल्यावर मी बहिणीपुढे बसलो आणि गल्लीच्या तोंडाशी काय केले ते सांगितले. ती शब्द शोधू लागली. या खेपेला मी मध्ये बोललो नाही.

"दादा, त्यांना ओळखता आली असती का रे?"

"नाही. कोणालाच आली नसती. त्या तुला भीत नव्हत्या गं, मला तुझी लाज वाटत होती. माझं चुकलं. मला क्षमा कर."