दोघायची सही

दोन हातांची दोन बोटं छातीसमोर धरायची, मग इकडचं बोट तिकडे आणि तिकडचं इकडे करायचं, आणि म्हणायचं, "म्युच्युअल करून घेऊ नं!" आमच्या दवाखान्याच्या संशोधन विभागातल्या बाकावर ज्यांनी एखादी सकाळ काढली असेल, त्यांना या काकांबद्दल काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते.

भिलाईत वाढलेल्या माणसाला 'म्युच्युअल' समजावून सांगावं लागत नाही. पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, नोकरी लागली की क्वार्टर अलॉट व्हायचं, आणि ते कुठे मिळेल याचा नेम नसायचा. मुलांची शाळा एका सेक्टरमध्ये आणि घर दुसऱ्याच. मग अशी दोन अडलेली माणसं एकमेकांना शोधून काढत, अर्जावर दोघांच्या सह्या होत, आणि दोन्ही घरांचं सामान एकाच दिवशी हातगाडीवरून आमनेसामने जाई. काकांनी कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, सगळी नोकरी केली. सेक्टर २ मधलं कोपऱ्यावरचं, पेरूचं झाड असलेलं क्वार्टर देऊन त्यांनी सेक्टर ६ मधलं गळकं क्वार्टर घेतलं होतं. कारण एवढंच, की शेजारी त्यांचा भट्टीवरचा जोडीदार राहत होता. "बायको वर्षभर बोलली नाही," हे ते पदक मिळाल्यासारखं सांगत.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नवीन औषध बाजारात येण्याआधी रुग्णांवर तपासतात. त्या तपासणीत रुग्णांना सगळं समजावून सांगायचं, त्यांची संमती घ्यायची, गोळ्या द्यायच्या, उरलेल्या परत घ्यायच्या, आणि कुणी आलं नाही तर फोन करकरून त्याचा जीव खायचा, हे माझं काम. माझी आई शेजारणींना सांगते, "पोरगी दवाखान्यात गोळ्या मोजून राहिली." मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

तेव्हा आमच्याकडे धाप लागणाऱ्या रुग्णांचा अभ्यास चालू होता. फुप्फुसाचा जुना आजार, श्वासाचा नेहमीचा पंप चालूच ठेवायचा, आणि त्याच्या जोडीला एक नवीन गोळी द्यायची. काका आले ते जोडीदाराला स्कूटरवर मागे बसवून, भिलाईजवळच्या उतईहून. रिटायर झाल्यावर दोघांनी तिथे भिंतीला भिंत लावून घरं बांधली होती.

"जय भीम, बेटा. याले भरती करून घे. मले बी घे, नाहीतर हा येनार नाही."

धाप दोघांनाही होती, पण जोडीदार काकांची फार वाईट होती. एके काळी कोक ओव्हनच्या आवाजावर मात करून हाक मारणारा तो माणूस आता एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायचा, आणि मधल्या जागेत काका घुसायचे.

"मले... चहा..." जोडीदार काका सुरू करत.

"चहा नको म्हनते. बिस्कूट मले द्या म्हनते."

मग जोडीदार काका हसत, हसता हसता खोकत, आणि काका त्यांची पाठ चोळत पुढची थट्टा शोधत.

दोघं दर वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. तरुणपणापासूनचा नेम. पण जोडीदार काकांना ती गर्दी, ते चालणं झेपेनासं झालं, तेव्हापासून दोघांचंही जाणं बंद होतं. काका एकटे गेले नाहीत. "या साली त्याले नेतोच," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, जणू तिकीट मीच काढून देणार होते. "तुही गोळी का पाहिजे ते करो. मले तो नागपूरले पाह्यजे."

मी माझं नेहमीचं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळणार, अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

"म्हनजे अलॉटमेंट," काका म्हणाले.

"अगदी बरोबर!" मी म्हणाले. एवढ्या चटकन समजणारा माणूस मला त्या आठवड्यात भेटला नव्हता, म्हणून मी फार खूश झाले. पुढे काय वाढून ठेवलं आहे, याची कल्पना असती तर मी तिथेच जीभ चावली असती.

काकांना बाकावर स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. कुणी उपाशीपोटी आलेलं दिसलं की त्याचा नंबर पुढच्या माणसाशी बदलून द्यायचा. पंख्याखाली कुडकुडणारी म्हातारी आणि खिडकीशी घामाघूम झालेला गृहस्थ, यांच्या खुर्च्या बदलायच्या. रक्त दिल्यावर आम्ही चहा-बिस्कीट देत असू, त्यात गोडाचं पुडकं आणि खाऱ्याचं पुडकं यांची अदलाबदल तर रोजचीच. एकदा त्यांनी आमच्या दोन नर्सबाईंच्या रविवारच्या ड्यूट्या बदलून दिल्या, आणि मेट्रनला ते सोमवारी कळलं.

पण या सगळ्याला त्यांचा एक नियम होता. "म्युच्युअलले दोघायची सही लागते. जबरदस्ती नाही चालत." सही म्हणजे दोघांनी बोट वर करून हवेत आपलं नाव गिरवायचं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी हवेत अंगठा उठवायचा. तुम्ही हसाल, पण तिथे बसलेली धापा टाकणारी, वैतागलेली माणसं निमूटपणे हवेत सह्या करायची आणि त्यानंतर जरा मोकळी व्हायची. मीसुद्धा केली आहे. कशासाठी ते आता आठवत नाही, बहुधा माझा डबा गेला होता.

उन्हाळ्यात काकांची तब्येत सुधारली. जिना चढून आले तरी दम लागला नाही, म्हणून स्वारी मुद्दाम दोनदा जिना चढून दाखवायची. जोडीदार काका मात्र होते तिथेच होते. नंतरच्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी काकांना विचारलं, "दवाई रोज ले रहे हैं ना?"

"हाव मॅडम. एकदम टाइम पे. एक दिन मेरी, एक दिन इसकी."

मॅडमचं पेन थांबलं. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"इसकी मतलब?"

काकांनी दोन बोटं समोर धरली आणि हात एकमेकांवरून फिरवले.

मग सगळं बाहेर आलं. काकांचं गणित सरळ होतं. आपल्याला बरं वाटतं, म्हणजे आपली गोळी खरी. जोडीदाराला वाटत नाही, म्हणजे त्याची डमी. "मंग मी एकट्यानंच कावून खावं? आमी तर प्लांटात भाजीचा डब्बा बी एकट्यानं खाल्ला नाही."

"मग सगळीच का नाही दिलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच खाली पाहू लागले.

"देऊनच राहिलो होतो. हा सही कराले तयार नाही! मोठ्या मुश्किलीनं एकाआड एक दिवसावर राजी झाला."

"रोज... कटकट," जोडीदार काका म्हणाले. "दारात... उभा."

अभ्यासाच्या दृष्टीने यासारखी दुसरी आपत्ती नाही. कुणी काय खाल्लं हेच कळेनासं झालं, तर औषधाचा गुण आला की नाही, हे सांगणार कसं? आणि कोणाची गोळी कोणाला बाधली असती तर? मॅडमनी दोघांचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं, छातीचा आलेख काढायला लावला, आणि हिंदीत जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. काका मान हलवत होते. आपण काही चांगलं काम केल्याबद्दल उगाच ओरडा बसतोय, असा त्यांचा चेहरा होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना शेजारी बसवलं. म्हटलं, "काका, बरं वाटलं म्हणजे गोळी खरी, असं नसतं. डमी खाऊनही माणसाला बरं वाटतं. म्हणून तर आम्ही कुणालाच सांगत नाही. कदाचित तुमची डमी असेल."

"अन् त्याची?"

"कुणास ठाऊक. असेल खरी."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हनजे त्याची खरी असंन, तर म्या त्याच्या अर्ध्या गोळ्या हिसकून खाल्ल्या?"

याचं उत्तर फक्त संगणकाकडे होतं, आणि अभ्यास संपेपर्यंत ते कुणालाही मिळणार नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्याचं नाव नको काटू, बेटा. माहं काट. दवाखान्यात यानं बंद केलं तर तो घरातच बसून जाईन."

संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने ठरवलं, की दोघांच्या गोळ्या बंद, पण तपासणीला दोघांनी शेवटपर्यंत यायचं. काकांना हे कळवलं तेव्हा ते फोनवर इतक्या मोठ्याने "जय भीम" म्हणाले, की मी फोन कानापासून लांब धरला.

गोळी गेली, उरला नेहमीचा पंप. आता तुम्हाला सांगते, आमच्या भागात अर्ध्या लोकांकडे पंप असतो आणि तो देवळीत ठेवलेला असतो. धाप लागली की एकदा फुसकन मारायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. जोडीदार काका त्यांतलेच. आपण त्यांची गोळी खाल्ली असेल, या विचाराने काकांना इतकं पछाडलं, की ते सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारात उभे राहू लागले. "श्वास सोड. आता घे. हळू घे बे, पानी का पिऊन राहिला? आता रोकून धर." मी शिकवलेलं सगळं, वर त्यांच्या पदरच्या शिव्या. मग उतईच्या बस स्टँडपर्यंत चालणं. आधी दोन घरं, मग पानठेला, मग शाळा, असं करत करत.

पावसाळा संपता संपता चालण्याची चाचणी झाली. आमच्या लांब गल्लीत रुग्णाने सहा मिनिटं चालायचं, आम्ही वेळ लावायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. जोडीदार काका चालू लागले आणि न थांबता चालतच राहिले. काका नियम मोडू नये म्हणून तोंडावर गमछा दाबून उभे होते. वेळ संपल्याबरोबर त्यांनी गमछा काढला आणि ओरडले, "नागपूर!"

आणि नेलं त्यांनी. सकाळच्या गाडीने नेलं, गर्दीत हाताला धरून नेलं, दमले तिथे खाली बसवलं आणि पुन्हा उठवलं. परत आल्यावर मला मोबाईलवर फोटो दाखवला. स्तूपासमोर दोघं उभे, जोडीदार काका छाती काढून, आणि काकांचा अर्धाच चेहरा, कारण फोटो त्यांनी स्वतःच काढला होता. "याच्यासाठी केलं सारं," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "उघडलं का तुह्या संगणकानं?" तपासणीला आले की दर वेळी हा प्रश्न विचारायचेच. मी नेहमीप्रमाणे नाही म्हणाले.

थंडी पडायच्या सुमारास एका सकाळी काका पंप द्यायला शेजारी आले नाहीत. जोडीदार काका वाट बघून स्वतः गेले, तर काका खुर्चीत होते, चहा समोर तसाच. हृदय बंद पडलं होतं. धापेशी त्याचा काही संबंध नव्हता, असं मॅडम म्हणाल्या.

अभ्यास संपला, चिठ्ठ्या उघडल्या. जोडीदार काकांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. ते बसने एकटे आले, जिना आपला आपण चढले. मी सांगितलं, "काका, तुमच्या दोघांच्याही गोळ्या डमी होत्या. दोन्हीत औषध नव्हतं. त्यांनी तुमचं काहीच हिसकावलं नव्हतं."

ते असे हसले, की बाकावरची माणसं वळून बघू लागली. "साखर खाऊन जिने चढत होता, लेकाचा! अन् मले उपकार दाखवत होता!"

मीही हसले. हसता हसता माझे डोळे भरून आले. हे काकांना ऐकायला मिळायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

जोडीदार काकांनी डोळे पुसले. आता ते सलग बोलू शकत होते. "बेटा, खरं सांगू? नंबर माहा होता. साऱ्या उतईले ठाऊक होतं, आमच्यात पयला मी जानार. तो कसा गेला मंग?" त्यांनी दोन बोटं समोर धरली, पण हात फिरवले नाहीत. "म्युच्युअलले दोघायची सही लागते नं? माही सही कुठं घेतली त्यानं?"

चहा आला, खारी बिस्किटं आली, ती त्यांनी सावकाश खाल्ली आणि निघाले. जिन्यापाशी पोचल्यावर थांबून त्यांनी बाकाच्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं, जिथे काका बसायचे. मग बोट वर केलं आणि हवेत सही केली. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट.