इशारा कोणी काढला

कॉम्प्युटर मरतो तेव्हा त्या क्षणी पोटात जे असेल ते सगळं कागदावर ओकतो. त्याला डंप म्हणतात. हातभर रुंद, घड्यांचा अखंड कागद आणि त्यावर नुसती आकडे-अक्षरांची गर्दी. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मी मुंबईच्या एका कचेरीत प्रोग्राम लिहायचो, आणि असाच एक डंप पोत्यात कोंबून गावी, कामरगावला सुट्टीवर आलो होतो. सुट्टी कसली, साहेबांनी हाकललंच होतं. "तुझ्या प्रोग्राममुळे मशीन सारखं बंद पडतंय. चूक शोधून आण, नाहीतर नोकरीत कायम होणं विसर," म्हणाले.

आता माझा प्रोग्राम एवढासा, गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारा. मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम वेगळा असतो, बाकीचे सगळे त्याच्या हुकमाखाली चालतात. मी चुकलो तर त्याने मला थांबवावं, अख्खं मशीन आडवं पडायचं कारण काय? हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. पण राखीव जागेवर आलेल्या पोराच्या माथी खापर फोडणं सोपं. "तुम्हा लोकांचं..." एवढंच म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. त्या गिळलेल्या वाक्याने माझं डोकं फिरायचं.

बुद्धपौर्णिमा तोंडावर होती. घर चुन्याने रंगवून झालं होतं आणि पुढच्या खोलीत मी कागद पसरून बसलो होतो. माझ्या प्रोग्रामची पानं तेवढी समोर, मूळ प्रोग्रामची पानं कोपऱ्यात. तो मशीन बनवणाऱ्यांनीच दिलेला, त्यात काय चुकणार, असं मीही धरून चाललो होतो. माझ्या पानांत मला काहीच सापडेना. येणारा-जाणारा डोकावून विचारायचा, "काय वाचून राह्यला रे एवढं?" मी पान उलटायचो. गावभर बाबांनी सांगून ठेवलं होतं, पोरगा कायम होणार म्हणून.

एका सकाळी कोपरा रिकामा दिसला. अंगणात गेलो तर मायने तीच पानं उन्हात अंथरून वर कुरड्या घातलेल्या. घरातली लुगडी-चादरी सणासाठी धुवायला काढलेली, आणि एवढा रुंद, पांढरा कागद कोपऱ्यात पडलेला.

"तुले समजते का काही? माझी नोकरी हाये त्याच्यात!" मी ओरडलो.

"मंग कोपऱ्यात कायले फेकली होती नोकरी?" माय म्हणाली. चूक माझी होती, म्हणून मी आणखीच ओरडलो.

ओल्या कुरड्या खरवडत एकेक पान सोडवायला बसलो. खरवडताना वाचावंच लागत होतं. एका पानाच्या उजव्या कडेला, चिकाच्या डागाखाली, शब्द दिसले: कामांची रांग भरली, असा इशारा. मशीनने त्याला जोडलेल्या टाइपरायटरवर तो छापायचा, म्हणजे माणसाने नवीन काम देणं थांबवावं. शब्द शाबूत होते. पण तो छापण्याचा हुकूम जिथे असायला हवा, तिथे ओळीने एकच आज्ञा होती: काही करू नको. पुन्हा, काही करू नको. रांग भरून वाहिली की शेजारची जागा चिरडत जायची आणि मशीन मरायचं. माझ्या प्रोग्रामचा संबंध नव्हता.

आणि मला आठवलं. वरच्या कचेरीतून पाहुणे यायचे होते, तेव्हा त्या टाइपरायटरच्या खडखडाटावर साहेब डाफरले होते, "ही कटकट कायमची बंद करा." शेजारच्या टेबलावरच्याने तो हुकूम पुसला होता. माझ्यादेखत, पण तेव्हा मला वाटलं, नुसता आवाज बंद करतोय. नंतर मशीन पडायला लागलं आणि दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक सापडली ना? मंग तेवढीच सांग. सायबाचं नाव कायले घेतं?"

"त्यायनं माझं घेतलं ना."

"तो सायब हाये."

जन्मभर हेच ऐकत आलो होतो. ताटावरून उठलो. सण संपताच एसटी धरली.

कचेरीत साहेबांच्या टेबलावर ते पान ठेवलं. "हे काय चिकटलंय?" त्यांनी विचारलं.

"कुरड्या. आईने घातलेल्या."

सगळे हसले. हसणं संपेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं, साहेब, हा इशारा तुमच्या सांगण्यावरून काढला. कोणी काढला तेही सांगितलं. तो शेजारचा खिडकीबाहेर बघत राहिला. साहेब शांतपणे म्हणाले, "तसं मी लिहून दिलंय का?"

इशारा त्याच आठवड्यात पूर्ववत झाला. मशीन पडायचं थांबलं. मला कायम केलं नाही. कारण दिलं, वागणूक.

सगळं सामान पेटीत भरून गावी परतलो तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. पेटी बघून समजले.

"नाव घेतलं होतं?"

"घेतलं."

गावाला आता काय सांगायचं, असं विचारतील म्हणून मी भांडायच्या तयारीतच उभा होतो. त्यांनी पेटी उचलून आत नेली, बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले नसतं जमलं."