अर्ध्या दाढीवरची जयंती

खडूकाकांची अर्धी दाढी उतरली होती, उरलेल्या गालावर फेस होता, आणि तेवढ्यात न्हावी उसासा टाकून म्हणाला, "वाईट झालं हो. थोरले वकील गेले."

काका खुर्चीतून उडालेच. थोरल्या वकिलांनी गावाचं वाचनालय काढलेलं. आज त्यांना नव्वद वर्षं पूर्ण होत होती, साडेदहाला ते स्वतः यायचे होते, आणि त्यासाठीच तर ग्रंथपाल बाईंनी काकांना "आधी ते दाढीचे खुंट उतरवून या" म्हणून इकडे पिटाळलं होतं!

"कोण म्हणालं गेले?"

"घ्या! तुमचाच फळा म्हणतोय. येताना वाचला. संस्थापकांची जयंती. जिवंत माणसाची कधी जयंती असते का, काका?"

जयंती! सकाळी काकांनीच लिहिलेली.

वाचनालयाचे शिपाई ते, पण सव्वीस वर्षं दारावरचा फळा त्यांच्याच हातचा. वर आजचा शब्द, खाली दिनविशेष. पुस्तकाला आयुष्यात हात न लावणारेही तो फळा वाचून पुढे जात. एकदा काकांनी 'आडमुठा' हा शब्द लिहिला, तर पोस्टमास्तर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. फळा म्हणजे काकांचा जीव की प्राण. आणि या महिन्यात त्यावर दोन घोळ झालेले. एकदा 'दिनविशेष'चा 'दीनविशेष' झाला, दुसऱ्यांदा एका शास्त्रज्ञाने यंत्राचा 'शोध' लावायचा तो 'शोक' लावला. बाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "काका, आता तिसरी चूक झाली की फळा खाली आणि स्क्रीन वर." स्क्रीनचं खोकं येऊनही पडलं होतं, काकांच्या स्टुलाशेजारीच.

तशात ही तिसरी. सव्वीस वर्षं गेलेल्यांचेच वाढदिवस लिहिले, हाताला वळणच ते लागलेलं.

"अहो, उरलेली दाढी?" न्हावी ओरडला. काका गळ्यातल्या टॉवेलासकट रस्त्यावर.

घड्याळात दहा पंचवीस. मंडईच्या कोपऱ्यावर दोघं जण हळहळत होते, "फार मोठा माणूस." काका मान खाली घालून पळत सुटले.

फळ्याशी पोचले तर दम लागून जीभ बाहेर. खांद्यावरच्या टॉवेलाने त्यांनी ती ओळ खसाखसा पुसली. अक्षर हलेना! हलणार कसं? खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे अक्षर झळकतं आणि वाऱ्याने उडत नाही, ही युक्ती त्यांचीच. आता ओल्या फडक्याने घासायचं तर मधोमध काळा डाग पडणार. आणि कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

काकांनी फळा वरपासून वाचला. 'आजचा शब्द: हयात. अर्थ: जिवंत असलेला.' खाली, 'आपले संस्थापक थोरले वकील यांची जयंती'. पुढे वीतभर जागा. खिशात खडूचा तुकडा होता, कोरडा. तो काढून त्यांनी लिहिलं:

'नव्हे, वाढदिवस! (आजचा शब्द पाहा.)'

गाडी थांबली. वकील काठी टेकत उतरले, चष्मा कपाळावर चढवून फळ्याच्या अगदी जवळ गेले. बाई मागे उभ्या, ओठ घट्ट. वकिलांनी खालची ओळ वाचली. थांबले. मग वरची वाचली. पुन्हा खालची.

"हयात!" वकिलांनी काठी आपटली आणि खो खो हसायला लागले. "माझ्या पोरांनासुद्धा एवढी खात्री नाही रे! आणि हे अर्ध्या दाढीचं ध्यान कुणाचं?"

कार्यक्रम आटोपला, वकील गेले. म्हणजे, घरी गेले. बाईंनी काकांना फळ्यापाशी बोलावलं.

"सकाळपासून असंच लिहिलेलं होतं?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण सव्वीस वर्षं फळ्यावर खरं लिहिलेल्या माणसाची जीभ वळेना. "नाही बाई. सकाळी नुसती जयंती होती. पुढचं धावत येऊन लिहिलं."

"माहितेय. पुढची अक्षरं फिकट आहेत." बाईंनी स्टुलाशेजारच्या खोक्याकडे पाहिलं. "उद्यापासून लिहून झालं की स्टुलावरून उतरायच्या आधी मला हाक मारायची. कळलं?"

काकांना त्यातला 'उद्यापासून' एवढाच शब्द ऐकू आला. मान डोलावली आणि ते उरलेल्या दाढीसाठी निघाले.

न्हाव्याने तोवर चार गिऱ्हाइकांपर्यंत बातमी पोचवली होती.

"अरे, हयात आहेत ते!" काका दारातूनच ओरडले.

"म्हणजे?"

"फळा वाच की मेल्या! आणि वरपासून वाच."