निवृत्तीभाऊंचा चढा आवाज

मेहकरच्या भाजीबाजारात निवृत्तीभाऊंचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पहाटे माल उतरला की मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ढिगाशी उभे राहून ते हर्रास पुकारतात. अडत गजेंद्रशेठची, गळा निवृत्तीभाऊंचा. बोली चढत जाते तसा त्यांचा उजवा हात वर जातो आणि हातासोबत आवाज. जन्मात या माणसाने आवाज खाली आणलेला नाही. आणायचा तरी कशाला? खालच्या आवाजात भाव चढवणारा पुकाऱ्या कोणी पाहिलाय का?

तर अशा या माणसाने साठी उलटल्यावर थाई भाषा शिकायला घेतली. हसायचं तर हसून घ्या. सारा बाजार हसून चुकला आहे.

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर थायलंडात मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. तिथंच त्याने नोई नावाच्या मुलीशी लग्न केलं, त्यांना दाओ झाली. दर रविवारी संध्याकाळी तो फोनवर दिसायचा. मांडीवर पोरगी, बाजूला सून. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे तोच सांगायचा, आणि सगळ्यांना वाटायचं की आपण एकमेकांशी बोलतोय. मग एका पावसाळ्यात कामावरून घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली. राख आली. शेखर गेला आणि रविवारच्या त्या फोनमध्ये मधला माणूसच उरला नाही.

नोई भली बाई. नवऱ्यामागे तिने फोन बंद केला नाही. पण तिला ना हिंदी, ना मराठी, आणि भाऊंना इंग्रजीचा गंध नाही. दोन्हीकडून हात जोडायचे, हसायचं, पुन्हा हात जोडायचे. भाऊंची बायको अन्नपूर्णाबाई पदर डोळ्याला लावायच्या. पाच वर्षांची पोरगी अशा मुक्या माणसांसमोर किती वेळ बसणार? अर्ध्या मिनिटात उठून पळायची. पुढे एखादा रविवार सुटायला लागला. मग लागोपाठ दोन सुटले, तेव्हा भाऊंनी ओळखलं. असंच चाललं तर वर्षभरात ही पोरगी आपल्याला ओळखायचीही नाही. शेखरचं जगात राहिलेलं तेवढंच तर आहे.

"फोनात भाषांतराचं ॲप असते ना भाऊ," गजेंद्रशेठ म्हणाले. तेही करून पाहिलं. भाऊंची वऱ्हाडी त्या यंत्राच्या पचनी पडेना, आणि यंत्रातली बाई घसा साफ करून बोलेपर्यंत दाओ मांजरामागे पसार झालेली.

मग शिकणं आलं. फोनवरच्या व्हिडिओत थाई शिकवणारी एक बाई सापडली, हिंदीतून समजावणारी. दुपारी जेवण झालं की भाऊ भिंतीला टेकून तिच्यासमोर बसायचे. शब्द पाठ व्हायला वेळ लागला नाही. शेकडो शेतकऱ्यांचा माल आणि भाव डोक्यात ठेवणाऱ्याला शब्दांचं काय! घोडं अडलं सुरांपाशी. त्या भाषेत म्हणे पाच सूर. शब्द तोच, पण सपाट म्हटला तर एक अर्थ, वरून खाली आणला तर दुसरा, खालून वर नेला तर तिसरा. बाई एकच अक्षर पाच वेळा म्हणायची आणि विचारायची, फरक कळला? भाऊंना पाचही एकसारखेच ऐकू यायचे. पुन्हा लावायचे, फोन कानाला चिकटवायचे, डोळे मिटायचे. काही नाही. बाजाराच्या गलक्यात कोण किती बोलला हे पाठ फिरवूनही ओळखणारे कान, आणि इथे ठार बहिरे. दुपारचा तास संपता संपता मान दुखायची, कपाळ ठणकायचं, आणि स्वतःचीच चीड यायची.

एकच वाक्य धरा, असं त्यांनी शेवटी ठरवलं. किन खाव यांग. जेवली का? आपल्याकडे लेकराला पहिलं हेच विचारतात, तिकडेही तेच विचारतात म्हणे. पहिला शब्द सपाट, मधला वरून खाली, शेवटचा पुन्हा सपाट. बाई हाताने दाखवायची, भाऊही हात हलवायचे. हात बरोबर खाली यायचा, पण आवाज वरच जायचा! प्रश्न म्हटला की शेवट वर गेलाच पाहिजे, हे त्यांच्या हाडामासात भिनलेलं. शिवाय नात समोर आली की लाडाचा हेल लागायचा. वऱ्हाडातला आजा नातीशी सपाट कसा बोलेल?

"अवो, खाली आना ना तो आवाज," अन्नपूर्णाबाई चुलीपासून ओरडायच्या.

"आनून तं राह्यलो!"

"कुठं? हे तं तुमी मेथी विकून राह्यले."

बाजारातही तालीम चालायची. पोती उचलता उचलता भाऊ पुटपुटायचे, आणि मग हमाल एकमेकांना विचारायचे, "किन खाव यांग बे?" भाऊ चिडायचे नाहीत. चिडायलाही जोर लागतो, आणि तो आताशा उरलेला नव्हता.

रविवारी मात्र परीक्षा व्हायची. दाओ दिसली की भाऊ अंग सावरून बसायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि विचारायचे, "दाओ, किन खाव यांऽऽग?" पोरगी त्यांच्याकडे बघायची, मग मान वळवून आईकडे. नोईला अंदाजाने कळायचं. ती तेच वाक्य पोरीला नीट म्हणून दाखवायची, आणि पोरगी उत्तर द्यायची ते आईला. भाऊंना तेवढंच झोंबायचं. प्रश्न आपला, उत्तर आईला! आठ महिने हेच. आठ महिन्यांत एकदाही ती पोरगी आपल्याशी बोलली नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण अन्नपूर्णाबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, त्यांना काय सांगायचं राहिलं होतं.

परवाच्या रविवारी बाजारात मेथीचा पूर आला होता. घ्यायला कोणी तयार नाही, आणि पुकारून पुकारून भाऊंचा घसा बसला. भाव वर जाईना आणि आवाजही. घरी आले ते चपला ओढत. दोन घास कसेबसे खाल्ले, बाजेवर पडले. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा उठायची इच्छा नव्हती.

"उठा, पोरीचा फोन आला," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"तूच बोल वं. मले नाही होत आता."

"मी काय बोलू? मले येते का काही?"

भाऊ तसेच कुशीवर वळले. समोर फोनवर दाओ होती, केस ओले, हातात एक पुढचं चाक निघालेली खेळण्यातली लाल गाडी. त्यांनी अंग सावरलं नाही, श्वास भरला नाही, कोणता सूर कुठे हे आठवलंही नाही. इतके दिवस केलं त्याचा काय उपयोग झाला होता? आता म्हणायचं म्हणून म्हटलं, बसलेल्या घशातून, जमिनीला टेकल्यासारखं.

"दाओ, किन खाव यांग."

दाओने आईकडे पाहिलं नाही. ती फोनच्या जवळ आली, इतकी जवळ की नुसता डोळा आणि गाल दिसायला लागला, आणि म्हणाली, "किन लेऊ." जेवले. हे भाऊंना येत होतं. ते उठून बसले. फोन अन्नपूर्णाबाईंच्या गुडघ्याला टेकवला.

आता दाओला वाटलं, आजोबाला आपलं बोलणं येतं. पोरीने गाडी वर धरली आणि सुरुवात केली. काय ते बोलणं! चाक दाखवलं, दाराकडे बोट केलं, मध्येच रुसली, मध्येच खिदळली, कोणाची तरी तक्रार केली. मागून नोई तिला थांबवायला आली आणि तिथंच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. भाऊंना एक अक्षर कळत नव्हतं. सूर कळत नव्हते, शब्द कळत नव्हते. शेखर लहानपणी शाळेतून आला की असाच दाराशी उभा राहून दिवसभराचं सगळं सांगायचा, आणि भाऊ दमून पडलेले असले तरी "हं, हं" करत ऐकायचे. तेच आता तोंडातून यायला लागलं. "हं." पोरगी पुढे. "हं." पोरगी आणखी पुढे.

अन्नपूर्णाबाईंना राहवेना. त्या कानाशी वाकल्या. "काय म्हनून राह्यली वो ते?"

"मले काय मालूम," भाऊ बसल्या घशाने म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "पन मले सांगून राह्यली. तू चूप बस."