आमच्या शॉपमधली रीत

हे मी कालपर्यंत कुणाजवळ बोलले नव्हते — आमच्या ह्यांच्याजवळ नाही, चर्चच्या पाळकसाहेबांजवळ नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि सांगते.

माझी नात ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकते. मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "आजी, बरं-वाईट ज्याच्या त्याच्या समाजावर असतं गं. इथलं पाप, तिथली रीत." मी लगेच आवाज चढवला — नाही बाई, देवाचा नियम सगळीकडे एकच! रविवारी बायकांच्या सभेतही तेच बोलले. किती छान बोललात, म्हणाल्या सगळ्या. आणि हातातला चहा मला पिववेना. का, ते ऐका.

तळवड्याच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, मी बारा वर्षं होते. मशीनखाली पत्रा सरकवायचा, ठोका पडला की काढायचा. हात आत राहिला तर मशीन थांबावं म्हणून सेन्सर असतो — तो आमच्याकडे बंद करून ठेवलेला, माल भराभर निघावा म्हणून. सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या मशीनवर शहनाज. तिच्या डब्यातलं लोणचं मी न विचारता घ्यायची. एका सकाळी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

सरकारी साहेब चौकशीला येणार, त्याआधी सुपरवायझर म्हणाला, "मावशी, बाईचं लक्ष नव्हतं, एवढंच म्हणा. इथं सगळे असंच करतात." सगळे तसंच बोलले. मीही बोलले — सेन्सर चालू होता, तिचंच लक्ष नव्हतं. घाबरले होते का? होते. पण चारचौघांसारखं केलं म्हणून त्या रात्री मला झोपही लागली — ते मला जास्त बोचतं.

आता तुम्हीच सांगा, बरं-वाईट जागेवर ठरत असेल तर मी चुकले कुठं? तिथली रीतच ती. मग चौकशीनंतरच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटताना मी मागच्या बाकावरच का बसून राहिले? देव काही आमच्या सुपरवायझरच्या हाताखाली नव्हता. आणि शहनाजचा धर्म वेगळा, माझा वेगळा — पण ते खोटं होतं, हे आम्हा दोघींना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

काल दिघीला तिच्या घरी गेले. दारातच सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं, मावशी? दिघी काय दिल्लीच्या पलीकडं आहे का?" आत गेली, डाव्या हातात वही घेऊन आली. "लिहा. माझी मुलगी अजून म्हणते, अम्मी, त्या दिवशी तुझं लक्ष कुठं होतं?"

मी लिहिलं. सेन्सर बंद होता. शहनाजचं लक्ष होतं. मी खोटं सांगितलं. खाली माझं पूर्ण नाव. तिनं मुलीला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. पोरगी आईजवळ जाऊन बसली, आणि तिचा तो हात आपल्या मांडीवर घेतला. मी चपला घातल्या आणि निघाले.