नाव नंतर

नेरेइदाची सकाळ कढईपासून सुरू व्हायची. साखर कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली होती, पण त्याच्या भोंग्याच्या वेळेला तिला अजूनही जाग यायची. उठून ती कॉफीचं भांडं चढवी, परातीत मैदा ओतून घेई आणि बोट रुतवल्यावर खळगा हळूच भरून येईल इतकी कणीक मळी. मग ताटाएवढ्या पातळ पोळ्या लाटून त्या खिडकीतल्या कढईत सोडायच्या, फुगल्या की चिमट्याने दाबायच्या. या कुरकुरीत यानिकेकेंसाठी सान पेद्रोच्या कारखान्यामागची सगळी वस्ती तिला ओळखत होती. त्याहून जास्त ओळखत होती तिच्या जिभेसाठी.

खिडकीसमोर किरिनोचं वाणसामानाचं दुकान. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडच्या मोठ्या बेसबॉल संघांचे सामने थांबतात आणि खेळाडूंची अदलाबदल सुरू होते. मग किरिनोच्या दारात प्लास्टिकच्या खुर्च्या पडायच्या, रेडिओ मोठा व्हायचा आणि ज्यांनी जन्मात विमान पाहिलं नाही ते गवंडी, हमाल, मोटरसायकलवाले तिकडच्या मालकांना अक्कल शिकवायचे. नेरेइदा चिमटा हातात घेऊन खिडकीतूनच बोलायची.

"काय गं, त्या डावखुऱ्या पिचरचं काय येईल?" किरिनो ओरडायचा.

"त्याचं? एक म्हातारा कॅचर. आणि एक नाव नंतर."

"नाव नंतर? एवढा पिचर देऊन?"

"ढेरी बघ त्याची. वजनावर विकायचा असेल तर सांग, भाव वाढवते."

'नाव नंतर' ही त्या सौद्यांमधली एक रीत. आमचा माणूस आज घ्या, बदल्यात तुमच्यातला एक द्या, पण कोणता ते आम्ही मागाहून सांगू. तोवर त्या संघातलं प्रत्येक पोर दाराची कडी वाजली तरी दचकतं. वस्तीत हे शब्द येताजाता वापरले जात. शेजारणीने कोंबडी नेली की जाताना हसून म्हणायची, "बदल्यात काय ते नाव नंतर."

नेरेइदाचा नवरा फाब्रिसियो या गप्पांत कधी नसे. जन्म ऊस तोडण्यात गेला होता, हातापायांवर पात्यांचे आणि कोयत्याचे वण होते. कारखाना बंद झाला तसं त्याचं बोलणंही बंद झालं. कोयता मात्र दाराआड लटकलेला असे आणि दर रविवारी तो त्याला धार लावी. नेरेइदाला ते पातं आवडत नसे. ती लहान असताना वडिलांचं जेवण घेऊन फडात गेली होती, तेव्हा डॉमिनोच्या डावावरून झालेल्या भांडणात कोयत्याचा घाव बसून वडील उसाच्या चिपाडांवर पडलेले तिने पाहिले होते. डबा तिने तसाच घरी परत आणला होता. तेव्हापासून कुणाला घरी यायला उशीर झाला की तिच्या डोळ्यांसमोर पहिलं तेच यायचं.

त्यांना एकच मुलगा, आंबिओरिक्स. त्याच्याच वयाचा, त्याच नावाचा दुसरा पोरगा मागच्या गल्लीत वाढला होता. दुधाच्या खोक्यांचे हातमोजे करून दोघं एकत्र खेळायचे. नेरेइदाच्या आंबीचं कोपर निकामी झालं, तो टायरच्या दुकानात पंक्चर काढू लागला. दुसरा उत्तरेला जाऊन मोठा खेळाडू झाला. वस्तीला दोघंही 'आपला आंबी'. कोणता आंबी ते बोलण्याच्या ओघात कळायचं.

त्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर सांगत होते की खेळाडू आंबीचा संघ त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधतोय. देल्फीन गवंडी खुर्चीवर पाय टाकून बसला होता.

"खांदा गेलाय त्याचा," देल्फीन म्हणाला. "चेंडूंचं एक पोतं घेतील आणि देऊन टाकतील. पोतंसुद्धा फाटकं."

"तू तुझ्या भिंतींचं बघ," नेरेइदाचा आंबी म्हणाला. "वारा सुटला की लोक तुझ्या भिंतीपासून लांब चालतात."

हशा पिकला. देल्फीनने बांधलेली भिंत मागच्या वादळात खरंच पडली होती आणि तिच्याखाली एका बाईचा पाय चेचला होता. देल्फीन हसला नाही. त्याने बाटली उचलून खुर्चीच्या हातावर फोडली आणि फुटकं टोक आंबीच्या तोंडावर मारलं. आंबीची भुवई उभी फाटली, रक्त डोळ्यात गेलं. दोघं डॉमिनोच्या टेबलासकट आडवे झाले. लोकांनी ओढून वेगळं केलं तेव्हा देल्फीन लांबूनच ओरडत होता, "उद्या संघवाले त्याला उडवतात की नाही बघ! आणि तू परत तोंड उघडलंस ना, तर तुला मी उडवतो!"

खिडकीत नेरेइदाने ते शब्द ऐकले. कढईतली पोळी काळी झाली.

आंबीने भुवई धुतली, पट्टी चिकटवली आणि समुद्राकडच्या वस्तीत त्याची मैत्रीण राहायची तिच्याकडे निघून गेला. रात्री परतला नाही. फोन लागला नाही.

सकाळी नेरेइदा कणीक मळत होती. फाब्रिसियो दाराशी कॉफी घेऊन बसला होता. दोघांनीही आंबीचं नाव काढलं नव्हतं. इतक्यात मागच्या दाराच्या फळीवर कुणीतरी मुठीने धडाधडा मारलं.

लिचो होता, मोटरसायकलवर माणसं पोचवणारा. हेल्मेट वाकडं, डोळे भरलेले.

"आंबीला उडवलं!" तो म्हणाला. "काल रात्रीच! काही शिल्लक ठेवलं नाही हो त्याचं!"

एवढं बोलून तो शेजारच्या घराकडे पळालाही. वस्तीत बातमी पहिल्यांदा पोचवायचा मान त्याला हवा असायचा.

फाब्रिसियोने कप जमिनीवर ठेवला. नीट ठेवला, सांडू न देता. मग बायकोकडे बघून त्याने एकच विचारलं.

"कोणी?"

नेरेइदाच्या हातांना कणीक चिकटलेली होती. "देल्फीन," ती म्हणाली.

दाराआडची खुंटी रिकामी झाली. ती त्याच्यामागे अनवाणी धावली. त्याला अडवायला की बघायला, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

देल्फीन स्वतःच्या दारात वाळू चाळत होता. चपलांचा आवाज ऐकून तो वळला. कोयता वर गेला तसा देल्फीनने उजवा हात वर केला, अंगावर येणारा चेंडू अडवायला करावा तसा. पातं मनगटातून निघून गेलं. दुसरा घाव खांद्यात रुतला, तो उपसायला फाब्रिसियोला पाय लावावा लागला. हात वाळूत पडला होता. बोटांवर सिमेंट वाळलेलं होतं. देल्फीनची आई, दोन्या एदुविहेस, घरातून धावत आली आणि लेकाच्या अंगावर आडवी पडली. फाब्रिसियोने तिसऱ्यांदा कोयता उचलला.

"पप्पा?"

गल्लीच्या टोकाला आंबी उभा होता. भुवईवर पट्टी, हातात पावाची पिशवी, डोळ्यांवर अजून झोप.

फाब्रिसियोने त्याच्याकडे बघितलं, मग वाळूकडे बघितलं. कोयता हातातून सुटला आणि तो मटकन खाली बसला. लिचो तोपर्यंत आला होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी तर बेसबॉलचं सांगत होतो. संघानं उडवलं, फुकटात देऊन टाकलं. मी बेसबॉलचं सांगत होतो."

फाब्रिसियोला पोलीस घेऊन गेले. देल्फीन वाचला. हात वाचला नाही.

संध्याकाळी देल्फीनचा थोरला भाऊ निकानोर आला. बंदरावर हमाली करणारा धिप्पाड गडी, सोबत दोन चुलतभाऊ. त्यांनी आधी खिडकीतली कढई उलटवली, तापलेलं तेल जमिनीवर पसरलं. मग पलंगाखालून आंबीला पाय धरून त्याच तेलातून ओढलं आणि लोखंडी नळीने मारलं. बरगड्या मोडल्याचा आवाज नेरेइदाला ऐकू आला, वाळका ऊस मोडावा तसा. तिने निकानोरच्या पाठीवर उडी घेतली आणि मानेचा लचका तोडला. त्याने तिला झटकलं. भिंतीवर तोंड आपटून तिचा पुढचा दात पडला.

निकानोर धापा टाकत खुर्चीवर बसला. मानेला हात लावून त्याने रक्त बघितलं.

"हे हिशेबात धरायचं नाही," तो शांतपणे म्हणाला. "हे वरचं. आमच्या घरातून एक उजवा हात गेला. बदल्यात तुमच्या घरातलं एक माणूस. तू, तुझा पोरगा, नाहीतर तुरुंगातला तो. तिथेही माझी माणसं आहेत."

"कोण?" तोंडातलं रक्त थुंकत नेरेइदाने विचारलं.

"तुला एवढंही कळत नाही?" तो उठला. "नाव नंतर."

चौकीत तिने हे सांगितलं तेव्हा शिपायाने कागद पुढे ओढला. "नाव कोणाचं घेतलंय त्यांनी?"

"नाव नंतर सांगणार म्हणाले."

"मग सांगितल्यावर या."

त्यानंतर त्या घरात कुणाचं जेवण धड झालं नाही. आंबी भिंतीला पाठ लावून बसायचा. कुशीवर वळला की विव्हळायचा, आणि बाहेर मोटरसायकल थांबली की विव्हळणंही थांबायचं. पहिल्यांदा दुकानापर्यंत चालत गेला तेव्हा निकानोरची गाडी त्याच्यामागून पायी चालण्याच्या गतीने आली आणि कोपऱ्यावरून वळून गेली. तुरुंगात फाब्रिसियोच्या गळ्याशी कुणीतरी घासलेला चमचा धरला आणि हसून बाजूला घेतला. भेटीच्या वेळी जाळीमागून त्याने तिला ते सांगितलं. तो म्हणाला, "माझंच नाव यावं." जन्मात त्याने तिच्याकडे मागितलेलं तेवढंच. पण ते तिच्या हातात नव्हतं.

किरिनोच्या दारात काही दिवस खुर्च्या पडल्या नाहीत. मग एक पडली, मग दुसरी. रेडिओ लागला. नेरेइदाने कढई पुन्हा चढवली, कारण चूल पेटवल्याशिवाय खाणार काय? एका दुपारी खाली वाकून ती मैद्याचं पोतं सोडत होती. ती खिडकीत नाही असं समजून समोर बोलणं चाललं होतं.

"गवंड्याचा उजवा हात म्हणजे चेष्टा नाही. पंक्चरवाल्याचे दोन्ही घेतले तरी फिटायचं नाही."

"छे! पोरगा तरुण आहे. त्याचा डावा पुरे."

"आणि फाब्रिसियो?"

"त्याचं काय करतोस! संपलेला माल."

"नेरेइदा धरली तर?" हा लिचोचा आवाज. "तिच्यावर वरून काहीतरी द्यावं लागेल. नुसती जीभच आहे."

कुणीतरी खुदकन हसलं.

नेरेइदा लाटणं घेऊन रस्ता ओलांडून गेली. लिचोला उठायला वेळ मिळाला नाही. लाटणं तोंडावर बसलं तसा तो खुर्चीसकट मागे पडला. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारत राहिली, कपाळावर, तोंडाआड धरलेल्या बोटांवर.

"माझ्या घराचा भाव करतोस? माझ्या पोराला तोलतोस? बोल ना आता, किती देतोस!"

किरिनोने तिचे हात मागून धरले. लिचोचा ओठ दोन जागी फाटला होता. तो रडत होता, पण तिच्याकडे बघून जे बोलला त्यात राग नव्हता.

"वहिनी, असंच बोलतो आपण. तुझ्याच खिडकीतून तर शिकलो."

नेरेइदाच्या हातातलं लाटणं खाली आलं. खुर्च्यांवरची माणसं दुसरीकडे बघू लागली. रेडिओ कुणा एका पिचरच्या बदल्यात कोण येणार ते सांगत होता. जाताना तिने तो उचलून रस्त्यावर आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली नाही. आंबीला कडी आतून लावून घ्यायला सांगितली आणि ती देल्फीनच्या दाराशी गेली. वाळूचा ढीग तसाच पडला होता, वर गवत उगवायला लागलं होतं. तिने दार वाजवलं.

दोन्या एदुविहेसने दार उघडलं, तिला बघितलं आणि तिच्या तोंडावर थुंकली. नेरेइदाने ते पुसलं नाही. आत देल्फीन टेबलाशी बसला होता. समोर कुस्करलेली कच्ची केळी, डाव्या हातात चमचा, अर्धं अन्न सदऱ्यावर सांडलेलं. उजव्या बाहीला गाठ मारली होती. निकानोर कोपऱ्यातली नळी घेऊन उठला.

"फाब्रिसियोला कोण ते माहीत नव्हतं," नेरेइदा देल्फीनला म्हणाली. "त्याने मला विचारलं. तुझं नाव मी घेतलं."

निकानोरने तिचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलावर दाबलं. ताटली खाली पडून फुटली. तिचा उजवा हात ओढून त्याने देल्फीनसमोर टेबलावर पसरला. तिने तो मागे घेतला नाही. बोटांच्या बेचक्यांत काल वाळलेली कणीक होती.

"थांब," देल्फीन भावाला म्हणाला. त्याच्या तोंडून फार दिवसांनी शब्द फुटला असावा, तशी त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली. देल्फीनने खाली वाकून नेरेइदाचा चेहरा बघितला. "माफी मागायला आलीस?"

"नाही. माफी मागून तुझा हात येत नाही."

"नवऱ्याला सोडवायला?"

"नाही. त्याने केलं ते तो भोगेल."

"मग तुझा हात द्यायला?"

"हात इथेच आहे. घ्यायचा तर घ्या."

"मग मागायचं काय आहे तुला?"

गाल टेबलाला चिकटलेला, त्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. म्हणून ती सावकाश बोलली.

"कुणाचंही घ्या, पण नाव आज सांगा."