भाऊजींची तान

आमच्या भाऊजींइतका रंगांवर चिडणारा माणूस अख्ख्या दिल्लीत, यमुनेपलीकडचं नोएडा-गाझियाबाद धरूनसुद्धा, सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नोएडात सेक्टरवर सेक्टर उगवत होते, लोक नव्या मॉलमधून हौसेनं प्लास्टिकच्या पिशव्या भरभरून घरी आणत होते, आणि नेमके त्याच दिवसांत हे गृहस्थ कारखान्यात मक्यापासून प्लास्टिक बनवायच्या नादाला लागले. मातीत मिसळून जाणारं म्हणे. त्याचे चमचे करायचे. व्हायचे सुरेख, अगदी काचेसारखे. पण मेले मोडायचे!

का मोडतात ते बघायला भाऊजींनी दोन काळसर फिल्म आणल्या होत्या. एक टेबललॅम्पवर चिकटवलेली, दुसरी तिच्यासमोर आडवी धरायची, की सगळा अंधार. मध्ये चमचा धरला तर त्याच्या मानेशी निळे, गुलाबी, पिवळे पट्टे उमटत. आपण "अय्या, कित्ती सुंदर!" म्हणावं, की भाऊजी कपाळावर हात मारत. "अगं, ताण आहे तो! घाईघाईनं थंड केलं की आत अडकून बसतो." चुकून एखादा चमचा काळाकुट्ट राहिला, म्हणजे आत ताणच नाही, तर मात्र "काही दिसत नाही! काहीच दिसत नाही!" असं ओरडत घरभर नाचायचे. त्यांची चिनू दिल्लीतच वाढलेली, तिच्या जिभेला ण कधी वळलाच नाही. "पप्पा आत तान बघतायत," असं तिनं फोनवर सांगितलं, तर तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी गणपतीत त्यांचं गाणं ठेवलं! मी एकदा गमतीनं ताईचा स्टीलचा डाव पुढे केला, "याचाही बघा ताण." भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "यातून उजेड आरपार जात नाही गं. मग आत कितीही असो, दिसायचा नाही."

मालकाला असल्या गोष्टींशी देणंघेणं नव्हतं. "भाईसाहब, चम्मच बनाना है, हीरा नहीं," म्हणायचा. शेवटी त्यानं सांगून टाकलं, मंडळाच्या गणेशोत्सवातल्या जेवणाला हे चमचे देऊ. चालले तर तुमचं काम पुढे, नाहीतर बंद. साचा सावकाश थंड करू द्या म्हणून भाऊजी गयावया करत राहिले आणि त्यानं मशीन आणखी पळवलं. जेवणात नेमकं श्रीखंड, तेही घट्ट. भाऊजी पंगतीतून "हळू हो, हळू घ्या," म्हणत पुढे, आणि त्यांच्या मागे कटाकट, कटाकट. एका आजोबांनी तोंडातून तुकडा काढून थेट मालकाच्याच हातावर ठेवला. सगळा मांडव हसत होता. मला मात्र रडू येत होतं.

काम बंद झालं. भाऊजींना बादल्यांच्या मशीनवर बसवलं. उरलेले चमचे त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत पुरले, तर ते तिथेही जाईनात. कुंडीची माती म्हणे पुरेशी गरम नसते. "श्रीखंडात टिकत नाहीत, मातीत कुजत नाहीत. करायचं काय गं यांचं?" त्यांनी मला विचारलं.

दिवाळीला गेलो तर भाऊजी नुसते बसून. फराळाला हात नाही. चिनूला राहवेना. तिनं त्यांना ओढत नेऊन लॅम्पसमोर बसवलं आणि दुसरी फिल्म स्वतःच्या डोळ्यांपुढे धरली.

"पप्पा, तुमची तान बघते हं."

"बघ."

"अरे यार! काहीच नाही दिसत! बिल्कुल काळं!"

"मग? तुझा बाप एकदम पास," भाऊजी म्हणाले.

चिनू टाळ्या पिटत घरभर नाचली. मला तो स्टीलचा डाव आठवला. भाऊजींनाही आठवला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.